एसीचं डिझाइन शिकायचंय? आधी हाताने लोड काढा

मेकॅनिकलची पदवी किंवा डिप्लोमा हातात पडला की "एचव्हीएसीला (हीटिंग, वायुवीजन, वातानुकूलन) मागणी आहे" असं कुणीतरी सांगतंच. मग रेव्हिट या इमारतीची ड्रॉइंग काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा क्लास लागतो, प्रमाणपत्र मिळतं, आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: "एक टन म्हणजे किती?" तिथे गाडी अडते.

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक), म्हणजेच ३.५१७ किलोवॅट. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी. पौंडाला १४४ बीटीयू या हिशेबाने गुणून २४ ने भागलं की आकडा येतो. तो पाठ असणं ठीकच. पण तो कसा येतो हे सांगणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहतो.

सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. इमारतीत उष्णता आणि ओलावा कुठून येतो, किती येतो आणि तो बाहेर कसा काढायचा, हे कागदावर आलं नाही तर सॉफ्टवेअर चुकीचं उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक देतं.

काम नेमकं काय असतं

आर्किटेक्टचा प्लॅन येतो. डिझाइन इंजिनियर त्यावरून प्रत्येक खोलीचा लोड (बाहेर काढायची उष्णता) काढतो, हवा किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) लागेल ते ठरवतो, यंत्रणा निवडतो (स्प्लिट, डक्टेबल, बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक चालवणारं व्हीआरएफ, की पाणी गार करणारं चिलर), डक्ट आणि पाइपचे मार्ग आखतो, बाहेरची ताजी हवा कुठून घ्यायची आणि टॉयलेट-किचनची हवा कुठे फेकायची ते बघतो. तळघरातल्या पार्किंगचं वायुवीजन, जिन्याचं प्रेशरायझेशन (धूर शिरू नये म्हणून हवेचा दाब वाढवणं), आग लागली तर धूर काढणारे पंखे हेही त्याच्याच गळ्यात असतं. शेवटी हातातून चार गोष्टी बाहेर पडतात: लोड शीट, ड्रॉइंग, बीओक्यू (मालाच्या परिमाणांची यादी) आणि स्पेसिफिकेशन. पहिली दोन वर्षं नवख्याचा बराच वेळ बीओक्यूसाठी डक्टच्या पत्र्याचे चौरस मीटर मोजण्यात जातो. कंटाळवाणं आहे, पण कुठल्या गेजचा (जाडीचा) पत्रा कुठे लागतो ते त्यातूनच अंगवळणी पडतं.

या कामाला मेकॅनिकलचीच पदवी लागते असं नाही. एमएसबीटीईचा डिप्लोमावाला ड्राफ्ट्समन म्हणून शिरून चार-पाच वर्षांत डिझाइनवर येऊ शकतो. आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा ट्रेड केलेल्याला तर एक मोठा फायदा असतो: कॉम्प्रेसर का ट्रिप होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याला कच्चं असतं ते गणित, आणि पदवीवाल्याला कच्ची असते साइट.

पाया: चार विषय, त्यातला एक जास्त

उष्णता वहन, पंखे आणि पंप, रेफ्रिजरेशन सायकल हे तीन विषय कॉलेजात झालेले असतात. जुनी वही काढली तरी पुरतं. चौथा विषय सायक्रोमेट्री, म्हणजे हवा आणि तिच्यातल्या ओलाव्याचं गणित. परीक्षेत तो दहा मार्कांचा असतो, नोकरीत रोजचा.

सायक्रोमेट्रिक चार्ट प्रिंट करून भिंतीला लावा. दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि पंख्याच्या वाऱ्यात धरा. कोरड्याचं वाचन ड्राय बल्ब, ओल्याचं वेट बल्ब. चार्टवर दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे हवेतला ओलावा ग्रेनमध्ये वाचा. १ पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. मे महिन्याच्या दुपारी, जुलैच्या सकाळी, एसी लावलेल्या खोलीत आणि ग्रिलच्या तोंडाशी अशी वीसेक वाचनं घेतलीत की चार्ट वाचता येऊ लागतो.

सूत्रं तीनच, समुद्रसपाटीच्या आसपासच्या हवेसाठी, उत्तर तासाला बीटीयूमध्ये. सेन्सिबल उष्णता तापमान बदलते, लेटंट ओलाव्यातून येते, आणि एन्थाल्पी म्हणजे पौंडभर हवेतली दोन्ही मिळून उष्णता:

सेन्सिबल उष्णता = १.०८ × सीएफएम × तापमानातला फरक, फॅरनहाइटमध्ये
लेटंट उष्णता = ०.६८ × सीएफएम × ओलाव्यातला फरक, ग्रेनमध्ये
एकूण उष्णता = ४.५ × सीएफएम × एन्थाल्पीतला फरक

आपल्याकडच्या ऑफिसांत टन, सीएफएम आणि फॅरनहाइट चालतं, ड्रॉइंगवर मात्र मिलिमीटर. ही खिचडी पचवावी लागते. सुरुवातीला प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावा. निम्म्या चुका एककांच्याच असतात.

एक खोली, पूर्ण हिशेब

मुंबईतल्या ऑफिसातली मीटिंग रूम घेऊ. २० फूट × १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. १२ माणसं बसणार. चारही बाजूंना ऑफिसच आहे, वरचा-खालचा मजलाही एसीचा, म्हणजे भिंतीतून आणि काचेतून काही येत नाही. आत हवं ७५ डिग्री फॅरनहाइट आणि ५५ टक्के आर्द्रता.

माणसं: बसून काम करणारा माणूस तासाला साधारण २५० बीटीयू सेन्सिबल आणि २०० बीटीयू लेटंट उष्णता देतो. १२ जणांचे ३,००० आणि २,४००.

दिवे: चौरस फुटाला १ वॅट धरला तर ३०० वॅट. ३.४१ ने गुणून १,०२३ बीटीयू.

उपकरणं: १२ लॅपटॉप प्रत्येकी ५० वॅट आणि एक मोठा डिस्प्ले २०० वॅट. ८०० वॅटचे २,७२८ बीटीयू.

खोलीचा सेन्सिबल लोड ६,७५१, लेटंट २,४००.

आता ताजी हवा. अ‍ॅशरे या अमेरिकी वातानुकूलन संस्थेच्या ६२.१ मानकानुसार मीटिंग रूमला माणशी ५ सीएफएम आणि चौरस फुटाला ०.०६ सीएफएम. ६० अधिक १८, म्हणजे ७८ सीएफएम. मुंबईच्या उन्हाळ्यासाठी ९५ ड्राय बल्ब आणि ८३ वेट बल्ब धरला तर बाहेरच्या हवेत पौंडाला साधारण १५२ ग्रेन ओलावा असतो, खोलीत ७१.

ताज्या हवेचा सेन्सिबल: १.०८ × ७८ × २० = १,६८५.
ताज्या हवेचा लेटंट: ०.६८ × ७८ × ८१ = ४,२९६.

बेरीज १५,१३२ बीटीयू, म्हणजे १.२६ टन.

इथे थांबून बघण्यासारखं बरंच आहे. बाजारात चालणारा "१५० फुटाला एक टन" हा ठोकताळा लावला असता तर २ टनांचं मशीन आलं असतं. मोठं मशीन खोली पटकन गार करतं आणि बंद पडतं. कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या) पुरेसा वेळ थंड राहत नाही, ओलावा निघत नाही, आणि लोक तक्रार करतात की गार वाटतंय पण चिकचिक होतेय. मग कुणीतरी सेटिंग २० वर नेतं. इन्व्हर्टर मशीनमध्ये हा त्रास कमी होतो, संपत नाही.

दुसरं, एकूण लोडपैकी ४० टक्के फक्त त्या ७८ सीएफएम हवेने आणला, आणि त्यातही बहुतेक ओलावाच. तीच खोली नागपूरला ठेवा: ११० ड्राय बल्ब, ७५ वेट बल्ब. बाहेरच्या हवेत ग्रेन फक्त ७४-७५. ताज्या हवेचा सेन्सिबल वाढून २,९५० च्या आसपास जातो, लेटंट मात्र २०० च्या आत-बाहेर. म्हणजे अंग भाजणाऱ्या नागपूरच्या उन्हाळ्यात ताजी हवा गार करायला मुंबईच्या जवळपास निम्मंच काम पडतं. म्हणूनच विदर्भात मे महिन्यात कूलर चालतो आणि जुलैत तोच कूलर खोलीचं न्हाणीघर करतो. डिझाइन करताना उन्हाळा आणि पावसाळा, दोन्हींचा हिशेब वेगळा करायचा तो यासाठी.

हवेचं प्रमाण: ५५ डिग्रीची हवा सोडली तर ६,७५१ ÷ (१.०८ × २०) = ३१२ सीएफएम. नवखा इथे पेन खाली ठेवतो. पण लेटंट तपासा: २,४०० ÷ (०.६८ × ३१२) = ११.३ ग्रेन. म्हणजे सोडलेल्या हवेत ७१ उणे ११, सुमारे ६० ग्रेनच ओलावा असायला हवा. ५५ डिग्रीच्या संपृक्त हवेत तो ६४-६५ ग्रेन असतो. म्हणजे कॉइलमधून निघणारी हवा ५२-५३ डिग्रीपर्यंत उतरवावी लागेल, नाहीतर खोली ५५ ऐवजी ५९ टक्क्यांवर जाऊन बसेल. माणसं दाटीने बसतात तिथे, म्हणजे मीटिंग रूम, वर्ग, सभागृह, लग्नाचा हॉल, ही तपासणी चुकवून चालत नाही. पंगत बसलेल्या हॉलमध्ये एसी जोरात असूनही दमट वाटतं, त्यामागे बहुतेकदा हेच.

मशीन निवडताना कॅटलॉगच्या मुखपृष्ठावरचा टनाचा आकडा घेऊ नका. तो आत २७ डिग्री सेल्सिअस ड्राय बल्ब, १९ वेट बल्ब आणि बाहेर ३५ या परिस्थितीतला असतो. तुमच्या परिस्थितीचा एकूण आणि सेन्सिबल, दोन्ही आकडे आतल्या तक्त्यातून काढा.

असे दहा हिशेब कागदावर करा: वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेला काच असलेली केबिन, सर्व्हर रूम, छोटं हॉटेल. काचेची केबिन करताना दुपारी ४ चा आणि सकाळी १० चा लोड वेगळा काढा. मगच हॅप किंवा ट्रेस हे लोड काढणारं सॉफ्टवेअर उघडा, तीच खोली भरा आणि उत्तर जुळवा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर कारण शोधा. बहुतेक वेळा माणसांचं वेळापत्रक, भिंतीचा यू-व्हॅल्यू (तिच्यातून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा) किंवा चुकीचं शहर निघतं.

डक्ट, बीम आणि ढाळ

३१२ सीएफएमला १० × ८ इंचांचा डक्ट घेतला तर वेग मिनिटाला साधारण ५६० फूट पडतो. मीटिंग रूमच्या फाट्याला हे शांत आहे. ऑफिसच्या मुख्य डक्टला १,२०० ते १,५०० फूट चालतात, खोलीतली हवा परत नेणाऱ्या रिटर्न डक्टला त्याहून कमी. घर्षण १०० फुटांना ०.०८ ते ०.१ इंच पाण्याच्या स्तंभाइतकं धरून डक्ट काढतात. रुंदी-उंचीचं गुणोत्तर ४:१ च्या पुढे नेऊ नका. पत्रा वाढतो, आवाज वाढतो, दाब खातो. पत्र्याच्या डक्टसाठी भारतीय मानक आहे आयएस ६५५.

आता हा ८ इंची डक्ट बसतो का ते बघा. बीमखाली ते फॉल्स सीलिंगपर्यंत ४०० मिमी आहेत. डक्ट २००, वर-खाली १९ मिमीचं नायट्राइल इन्सुलेशन धरून २३८. फ्लँज आणि टांगणीला ५०. सीलिंगची फ्रेम आणि दिव्याला १००. झाले ३८८. उरले १२ मिमी, आणि तिथूनच स्प्रिंकलरचा पाइप आडवा जाणार आहे. हा हिशेब प्लॅनवर दिसत नाही, सेक्शन (उभा छेद) काढल्यावरच दिसतो. म्हणून दर अडचणीच्या जागी सेक्शन काढा, आणि स्प्रिंकलर, केबल ट्रे, ड्रेन यांची ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून बघा. रेव्हिटचा खरा उपयोग इथे आहे. क्लॅश कागदावर सापडला तर रबर लागतं, साइटवर सापडला तर कटर.

कॉइलवर जमलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनचं गणित त्याहून सोपं आणि त्याहून जास्त विसरलं जाणारं. ढाळ किमान १:१०० हवा. ८ मीटर लांबच्या ड्रेनला ८० मिमी उतार लागतो, आणि तो सीलिंगच्या त्याच ४०० मिमीतून काढायचा असतो. सीलिंगवर पिवळे डाग पडलेले ऑफिस दिसलं तर पहिला संशय ढाळावर, दुसरा ड्रेन पाइपला इन्सुलेशन नसण्यावर. एएचयूमध्ये (हवा गार करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या युनिटमध्ये) हवेच्या वाटेवर पंखा कॉइलनंतर असेल तर कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेच्या जागी ऋण दाब असतो. ट्रॅप (पाणी अडवून ठेवणारा पाइपचा बाक) नसेल तर बाहेरची हवा ड्रेनमधून आत ओढली जाते, पाणी ट्रेमध्येच साठतं आणि पंखा सुरू असेपर्यंत उतरत नाही. पंखा बंद केला की एकदम वाहतं. ऋण दाब २ इंच असेल तर ट्रॅपमधला पाण्याचा स्तंभ त्याहून उंच हवा.

आणखी काही जागा जिथे डिझाइन फसतं. टॉवरच्या बंदिस्त कोनाड्यात एकावर एक बाहेरची युनिट ठेवली, समोर देखणी जाळी लावली, की खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो आणि मे महिन्यात हाय प्रेशरवर ट्रिप होतो. छोट्या केबिनमध्ये व्हीआरएफचं युनिट दिलं तर सगळ्या सिस्टिमचा गॅस त्या एका केबिनमध्ये गळाला तर काय, हे तपासावं लागतं. सर्व्हिससाठी सीलिंगला ६०० × ६०० चं झाकण ठेवलं नाही तर फिल्टर कुणीच धूत नाही.

पाण्याच्या बाजूचे दोन आकडे लक्षात असू द्या. चिल्ड वॉटरला (चिलरने गार केलेलं पाणी) १० डिग्री फॅरनहाइट फरकावर टनाला २.४ जीपीएम (मिनिटाला गॅलन), कंडेन्सर वॉटरला (चिलरची उष्णता बाहेर नेणारं पाणी) साधारण ३. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनात बदलते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) का लावतात हे विचारलं तर एवढं उत्तर पुरतं.

कोड कुठले वाचायचे

सगळे नाही. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ८, विभाग ३ वातानुकूलन, हीटिंग आणि वायुवीजनाचा आहे, तो आधी. आगीसाठी भाग ४: तळघर, जिना, फायर डँपर (आगीत डक्ट बंद करणारी झडप). ईसीबीसी २०१७ ही ऊर्जा बचतीची संहिता १०० किलोवॅट किंवा जास्त जोडलेला भार, किंवा १२० केव्हीए वा जास्त करार मागणी असलेल्या व्यापारी इमारतींसाठी आहे, आणि ती ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) संकेतस्थळावर मोफत मिळते. अ‍ॅशरेची हँडबुकं चार, दरवर्षी एकाची नवी आवृत्ती. नवख्याला फंडामेंटल्स पुरे.

इश्रे ही भारतातल्या वातानुकूलन इंजिनियरांची संस्था १९८१ पासून आहे, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत आणि कॉलेजांत विद्यार्थी शाखा. तिच्या संध्याकाळच्या व्याख्यानांना जा. चहाच्या वेळी जी माणसं भेटतात त्यांच्याकडेच रिकाम्या जागांची खबर असते. ऊर्जा मॉडेलिंगकडे ओढा असेल तर एनर्जीप्लस हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

नोकरी कुठे आणि कशी

दारं तीन. कन्सल्टंटकडे डिझाइन शिकायला मिळतं, साइट कमी. कॉन्ट्रॅक्टरकडे शॉप ड्रॉइंग, साइट आणि बिलं. डिझाइन कमी, पण पाया पक्का होतो. मशीन बनवणाऱ्या कंपनीत अ‍ॅप्लिकेशन इंजिनियर म्हणून निवड आणि विक्री. आपलं मत विचाराल तर पहिलं दीड-दोन वर्ष कॉन्ट्रॅक्टरकडे काढावं, मग कन्सल्टंटकडे जावं. ज्याने डक्ट चढताना पाहिला नाही, त्याचा डक्ट कागदावर नेहमीच बसतो.

क्षेत्र निवडताना जवळ काय आहे ते बघा. नवी मुंबईत डेटा सेंटर आहेत. तिथे माणसांचा लोड जवळपास शून्य, सगळा सेन्सिबल, आणि एक मशीन बंद पडलं तरी दुसऱ्याने उचललं पाहिजे. छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यातल्या औषध कारखान्यांत क्लीन रूम असतात. वेगवेगळ्या दर्जाच्या शेजारच्या खोल्यांत १० ते १५ पास्कल दाबाचा फरक राखायचा असतो. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरला तासाला किमान २० वेळा हवा बदलते, त्यातल्या ४ वेळा ताजी हवा.

हीटिंग आपल्याकडे कमी म्हणून सोडून देऊ नका. क्लीन रूममध्ये हवा ओलावा काढण्यासाठी जास्त गार करून मग पुन्हा तापवतात. शिवाय पुण्यातली बरीच ऑफिसं इंग्लंड-अमेरिकेतल्या इमारतींचं काम करतात. तिथला हिशेब उलटा: रात्र, माणसं नाहीत, दिवे बंद, ऊन नाही. १० चौरस मीटर काच, यू-व्हॅल्यू १.४, आत २१ आणि बाहेर उणे ४ सेल्सिअस धरलं तर १० × १.४ × २५ = ३५० वॅट त्या काचेतून जातात. भिंती, छप्पर, जमीन आणि फटींतून शिरणारी हवा याच रीतीने मोजून बेरीज करायची.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलऐवजी एक छोटा प्रकल्प न्या. एखाद्या मजल्याची हाताने केलेली लोड शीट, त्याचं हॅपमधलं उत्तर, डक्ट लेआउट, दोन सेक्शन आणि बीओक्यू. पंधरा पानं बस. त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे तोंडी सांगता आलं पाहिजे, कारण नेमकं तेच विचारतात.

आणि नोकरी लागल्यावर, आपण काढलेल्या खोलीच्या कमिशनिंगला (यंत्रणा चालू करून मोजून तपासणं) हट्टाने जा. मीटिंग रूमला दोन डिफ्यूझर (हवा सोडणाऱ्या जाळ्या) दिलेत, प्रत्येकी १५६ सीएफएम. मोजल्यावर एकातून १९० आणि दुसऱ्यातून ११० आले, तर आधी व्हॉल्यूम डँपर (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) कुठे आहेत ते शोधा. बरेचदा ते लावलेले असतात पण सीलिंगवर हात पोचत नाही अशा जागी. डँपर उघडे असतील तर झाकण काढून फ्लेक्सिबल डक्ट बघा. दीड मीटरच्या जागी तीन मीटरचा तुकडा वेटोळं करून कोंबलेला आणि टांगणीच्या पट्टीने आवळलेला सापडेल. जास्तीचा तुकडा कापायला लावा, पट्टी रुंद करा, पुन्हा मोजा. डिझाइनच्या १० टक्के आत-बाहेर आलं की शीटवर सही.